भाचीच्या कानानं

आमच्या घरात माझ्याबद्दल एक रीत ठरलेली आहे. शोभानं काही सांगितलं की त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, आणि उरलेलं निम्मं जेवण झाल्यावर ऐकायचं. मला याचा राग येत नाही. मी दोन हातांचा साप पाहिला तर घरी पोचेपर्यंत तो चार हातांचा होतो, हे माझं मलाही माहीत आहे. रस्ता लांब असला तर तो फणाही काढतो. लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा विधी आटोपून माणसं सावलीला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "शोभे, सांग की गं काहीतरी." आणि मी सांगते. हे आधीच कबूल करून टाकते, कारण भागवतमामांबद्दल लिहायचं तर निम्मं सोडायची सोय ठेवून चालणार नाही. मामा या बाबतीत माझ्या बरोबर उलटे होते.

मामा गेले त्याला आता दुसरा शिमगा आला.

भागवतमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. एसटीत कंडक्टर. धाराशिवहून तेरकडं आणि आसपासच्या खेड्यांना जाणाऱ्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. अंगानं बुटके, सडसडीत. बॅगेच्या पट्ट्यानं डावा खांदा कायमचा खाली गेलेला. चालत्या गाडीत तोल सांभाळायला पाय फाकवून उभं राहायची सवय इतकी मुरलेली, की देवघरासमोरसुद्धा ते तसेच उभे राहायचे. आता ब्रेक लागला तर देव सांभाळून घेईल की नाही, याची शंका असल्यासारखे. बोलणं मोजकं. पण जे बोलायचे ते शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं.

माझ्या आजोळच्या गावावर बालाघाटाचा एक उतार येतो. त्याला गावात नुसतं 'वरचं रान' म्हणतात. खाली पाझर तलाव, त्याच्या बांधावर एक थोरली काटेसावर. तिथून वर गेलं की पळसांचं बेट. मग एक नाळ, म्हणजे पाण्यानं कापून काढलेली घळ, आणि तिच्या पलीकडच्या काठावर उंबर. सगळ्यात वर धावड्यांची रांग. तिथून लांबच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात. बाहेरच्या माणसाला हे रान दाखवलं तर तो विचारतो, "रान कुठं आहे?" दहा महिने ते तसंच दिसतं, खरकटं पडल्यासारखं. पण माघ सरत आला की सावरीवर एक लाल फूल येतं, आणि त्या दिवसापासून मामांच्या अंगात यायचं.

"जावई शोधायला निघाल्यागत निघतेत बघ रोज," सुलूमामी म्हणायच्या. "पायात चप्पल हाय का न्हाय ते बी बघत न्हाईत."

मामांनी त्या चार ठिकाणांना थांबे करून टाकलं होतं. सावर पहिला थांबा, पळस दुसरा, उंबर तिसरा, धावडे शेवटचा. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं उभं राहायचं. काही दिसो न दिसो, बोलो न बोलो. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पळसाला अजून फूल नव्हतं, पाखरू नव्हतं, नुसत्या काटक्या. मी म्हटलं, "मामा, इथं काहीच नाही, चला पुढं."

"प्रवासी न्हाय म्हणून थांबा सोडत न्हाईत, शोभे," मामा म्हणाले. "तू गेलीस आन् तो पळत आला, मग?"

पाचव्या मिनिटाला एक मुंगूस आमच्यासमोरून गेलं. आमच्याकडं न बघता, सरळ, कचेरीत निघालेल्या माणसासारखं. आता हे मुंगूस खरं होतं. माझ्या गोष्टींतल्या मुंगसांना उगीच नागसुद्धा भेटतात, पण हे एकटंच होतं.

मामांच्या खिशात मधोमध मुडपलेली चाळीस पानी वही आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. सावरीचं पहिलं फूल, पळसाची पहिली पेटलेली फांदी, उंबरावरच्या तांबटाची पहिली टुकटुक, भोरड्यांचे थवे पळसावर उतरले तो दिवस आणि उत्तरेकडं निघून गेले तो दिवस, कडुनिंबाला मोहर, शिक्र्यानं घरट्याला काड्या नेल्या ते. सगळं झाडाखाली उभ्या उभ्या लिहायचं. घरी येऊन लिहिलेलं त्यांना चालत नसे. "घरी बसून लिव्हलं की हात सुटतो," ते म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचे. वेळ घड्याळाची नसे, गाडीची असे. 'तेर गाडीचा हॉर्न आल्यावर.' 'मुक्कामी गाडी सुटायच्या आधी.' आणि एक नियम सगळ्यांच्या वर: स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं, स्वतःच्या कानानं ऐकलेलं, तेवढंच लिहायचं. एकदा गावात आवई उठली की वरच्या रानात लांडगा आलाय. दहा जणांनी पाहिला. पेपरवाला मोटारसायकलवर आला, रानाचं माहीतगार कोण म्हणून त्याला मामांकडं आणलं. मामा त्याला घेऊन नाळेत गेले, ठसा बघितला आणि म्हणाले, "कुत्रं हाय." पेपरवाला म्हणाला, "काका, लोकांनी पाहिलाय. तुम्ही फक्त असू शकतो म्हणा." मामा म्हणाले, "असू शकतो तुमी म्हणा. म्या कुत्रं म्हणतो." बातमी आली ती मामांच्या नावाशिवाय, लांडग्याच्या फोटोसकट. फोटो कुठल्यातरी बर्फातल्या लांडग्याचा होता. गावानं तो कापून ठेवला.

नोकरीत असतानासुद्धा त्यांचं हेच. मुक्कामी गाडीचं एक खेडं होतं. शाळेसमोरच्या मुरमावर गाडी वळवायची. एका चैत्रात तिथं बरोबर चाकाच्या वाटेवर टिटवीनं चार अंडी घातली. टिटवी घरटं वगैरे करत नाही, खड्यांत खड्यांसारखी अंडी टाकते आणि मग साऱ्या दुनियेवर ओरडत बसते. मामांनी चार धोंडे आणून भोवती चौकट केली आणि पाशाभाई ड्रायव्हरांना सांगितलं, गाडी इथून वळवायची नाही, मागं मारुतीपर्यंत रिव्हर्स घ्यायची. पाशाभाईंनी आठ दिवस घेतली. नवव्या दिवशी मान चोळत म्हणाले, "भागवतराव, रिव्हर्स मारते मारते मेरी गर्दन गई. टिटवी का पास निकाले क्या तुम?"

"निकाला. महिने का," मामा म्हणाले. "फॅमिली पास है."

गाडीतल्या एका म्हातारबांनी खिडकीतून विचारलं, "कंडक्टर, अंडी तुमची का तिची?" मामांनी डबल बेल दिली आणि म्हणाले, "तिचीच हैत. माझी असती तर मधनं नेली असती गाडी." पिल्लं निघाली त्या दिवशी पाशाभाईंनीच खाली उतरून धोंडे बाजूला केले. हे पाशाभाईंनी स्वतः मला सांगितलंय, मामांनी कधी सांगितलं नाही.

आणि माझं लग्न. तेही चैत्रातलं, दुपारचं, गावातल्या पटांगणात मांडव घालून. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं, तसे भागवतमामा माझ्या पाठीशी, पाय फाकवून. समोर अंतरपाट, भटजींचा आवाज चढलेला, माझे डोळे रिवाजाप्रमाणे खाली. तेवढ्यात मागून, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत, आवाज आला, "शोभे, हलू नको. वर बघ. शिक्रा काडी घिऊन चाललाय." मी बघितलं. फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण धरला. माझ्या लग्नाच्या अल्बमात अंतरपाट निघतोय, नवरदेव हार घेऊन उभा आहे, आणि नवरी तोंड वासून आभाळाकडं बघतेय. सासरी पुष्कळ दिवस समजूत होती की मुलीला फिट येते.

मामांच्या कानाचं पहिल्यांदा मामींच्या लक्षात आलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मामांना बसवलं होतं आणि भाताचा कोळसा झाला. मग तेर गाडीचा हॉर्न त्यांच्या वहीतून नाहीसा झाला. मी सोलापूरला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वयानं आणि इतकी वर्षं इंजिनाजवळ राहून कानाच्या नसा गेल्यात, आधी बारीक आवाज जातात, मग जाड. मामांनी ते नीट ऐकून घेतलं, म्हणजे डॉक्टरांच्या ओठांकडं बघून घेतलं. परतीच्या गाडीत तुळजापूर मागं पडल्यावर म्हणाले, "बरोबर हाय डॉक्टरचं. आधी फुलटोच्या उतरला. मग शिंजीर. मला वाटलं, दोन्ही पाखरं यंदा आलीच न्हाईत." धाराशिव दिसायला लागल्यावर म्हणाले, "तांबटाचा आवाज जाड हाय."

पुढची दोन वर्षं त्यांनी तांबटावर काढली. पाखरू मुठीएवढंही नाही, हिरवं, कपाळाला कुंकू लावल्यासारखा लाल टिळा, आणि आवाज तांबटआळीत कुणी भांडं ठोकत बसल्यासारखा, टुक टुक टुक, न दमता. उंबराच्या पानांत बसलं की मेलं दिसत नाही. दिसणं नाही, म्हणजे उरलं ऐकणंच.

मी त्या सुमारास दर रविवारी धाराशिवहून जायला लागले होते. मुलगी शिकायला बाहेर, नवरा रविवारी झोपेला वाहिलेला. आणि डॉक्टरनं मला चालायला सांगितलं होतं. ते कबूल करते, नाहीतर मी मामांच्या प्रेमानं जात होते असं लिहिलं असतं. चौथ्या थांब्यापर्यंत माझा जो भाता चालायचा, त्यानं पाखरं उडून जायची. मामांना ते ऐकू येत नव्हतं, हा तेवढाच फायदा.

त्या फाल्गुनात सावर फुलून गेली, पळस नुसता जाळ झाला, भोरड्या आल्या. मामा डोळ्यांनी दिसेल ते सगळं लिहीत होते. पण उंबराखाली आलं की पाच मिनिटांची दहा व्हायची. डोळे मिटून, दोन्ही तळवे कानांमागं धरून उभे. एका रविवारी उभे राहिले ते राहिलेच. मग डोळे उघडले आणि मला म्हणाले, "तांबट बोलला का गं?"

नव्हता बोलला. वाऱ्यानं पानं हलत होती, खाली कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं, एवढंच. तांबट त्या वर्षी उशिरा आला असेल नाहीतर दुसरीकडं गेला असेल. पण मामांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला एवढंच कळलं की हा माणूस तांबटाबद्दल विचारत नाही, स्वतःबद्दल विचारतोय. 'नाही' म्हटलं असतं तर ते खरं होतं. पण खरं माझ्या तोंडात सहसा पहिल्यांदा येत नाही.

"बोलतोय की," मी म्हटलं. "मघापासून."

मामा खाली बसले. उंबराच्या मुळीवर बसून त्यांनी वही काढली, आणि बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. त्यांना नियम मोडायचा होता आणि मोडवत नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली. लिहिलं होतं: 'उंबर. तांबट. भाचीच्या कानानं.'

"चाललं न्हवं?" त्यांनी मला विचारलं. मला. जिचं निम्मं सोडून द्यायचं असतं तिला.

मग मला थांबता येईना. दर रविवारी मी चारही थांब्यांवर मामांना आवाज पुरवू लागले. काही खरे होते. कोतवालाला मी ओळखायला शिकले होते, सातभाई तर बहिऱ्यालाही ओळखू यावेत असे भांडतात. पण खऱ्यानं काही मामांचे डोळे तसे लकाकत नसत. म्हणून मग एखादा चंडोल, एखादा फुलटोच्या, मी आपली पदरचा घालायचे. मामा लिहायचे, 'भाचीच्या कानानं.' घरी आल्यावर मामींना सांगायचे, "शोभाचा कान लई तिखट हाय." मामी माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढायच्या. मी ती खायचे.

पाडव्यानंतरचा रविवार होता. शेवटच्या थांब्यावर, धावड्यांखाली, मामा खुशीत होते. "काय बोलतंय?" त्यांनी विचारलं. मला चांगलं काहीतरी द्यायचं होतं. मामांच्या जुन्या वह्यांत एका पाखराचं नाव मी पाहिलं होतं, त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. मी म्हटलं, "नवरंग, मामा. दोनदा बोलला."



"कसा बोलला?"

मी ओठ गोल करून शीळ घातली. कशाची घातली कुणास ठाऊक, बहुतेक माझ्या मोबाइलच्या रिंगची. मामांना ती ऐकू येतच नव्हती. ते माझा चेहरा बघत होते.

"शोभा," ते म्हणाले. शोभे नाही. "नवरंग मिरगाच्या तोंडावर येतो. चैतात न्हाय येत."

मी म्हटलं, चुकून म्हटलं असेल, दुसरं काहीतरी असेल. बोलत गेले. मामांनी माझं बोलणं संपू दिलं.

"आन् तांबट?"

मी खाली बघितलं.

"तांबट बी?"

त्यांनी वही काढली. मला वाटलं, फाडतील. त्यांनी फाडली नाही. मागच्या पानापासून सुरुवात केली आणि जिथं जिथं 'भाचीच्या कानानं' होतं, तिथं तिथं एकेक आडवी रेघ मारली. सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. मी म्हटलं, "मामा, कोतवालाचं खरं होतं. सातभाईंचं खरं होतं. सगळंच काही..." त्यांनी मान हलवली आणि कोतवालावरही रेघ मारली. सातभाईंवरही मारली. मग वही मुडपून खिशात ठेवली.

"तुझं काय चुकलं न्हाय, माय," ते म्हणाले. त्या दिवशी ते हळू बोलले. "दुसऱ्याचं तिकीट म्या माझ्या नावावर फाडलं. चल, ऊन झालं."

उतरताना उंबराजवळ ते थांबले नाहीत.

मी पुढं काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही, कारण त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. धाराशिवच्या दुकानातून कानाचं यंत्र आणलं. मामांनी ते दोन दिवस लावलं. म्हणाले, "सदऱ्याची कॉलर बोलती, वारं बोलतं, माझ्या दाढीचं खुंट बोलतेत. पाखरू न्हाय." मग मी स्वतः शिकायचं ठरवलं. मोबाइलवर पाखरांचे आवाज लावून वर्षभर ऐकले. कचेरीच्या गच्चीवर डबा खाताना कानात तेच. सोबतच्या बायका म्हणाल्या, शोभाताईंचं कुठंतरी सुरू झालंय. कचेरीच्या आवारातल्या पिंपळावर तांबट होता. इतकी वर्षं मी त्याच्याखाली गाडीची वाट बघत उभी राहिले होते आणि मला वाटायचं, शेजारच्या गल्लीत गवंडीकाम चाललंय. त्याला ओळखायला लागले. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, दोन तांबट एकमेकांना उत्तर देतात तेव्हाचा वेगळा. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट आहे तेवढीच ऐकायला शिकले.

पुढच्या फाल्गुनात मी मामांबरोबर पुन्हा जायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही. रागही नव्हता. वाटेत माझ्या मुलीची चौकशी करायचे, चढाला हात द्यायचे. फक्त विचारायचे नाहीत. थांब्यावर पाच मिनिटं उभे राहायचे, दिसलं ते लिहायचे, पुढं जायचे. मी म्हणायचे, "मामा, शिंजीर बोलतोय, पळसात." ते हसून मान हलवायचे, "व्हय का?" वही खिशातच. मी एकदा म्हटलं, "मामा, काहीच बोलत नाही इथं." त्यालाही ते तसंच म्हणाले, "व्हय का?"

ते मामींना विचारायचे पीठ आहे का, मला विचारायचे गाडी किती वाजता आहे. रानातलं मात्र मला कधीच विचारलं नाही.

मामांना मी शेवटचं बघितलं ते त्याच वर्षी, चैत्राच्या सुरुवातीला. रविवार होता, पण दुपारी माझ्याकडं पाहुणे यायचे होते आणि अकराची गाडी धरायची होती. मी पोचले तेव्हा मामा निघून गेले होते. मामी म्हणाल्या, "तांब्याभर पाणी बी घिऊन गेले न्हाईत. कालधरनं अंग कसकस करतंय म्हणत हुते." त्यांनी बाटलीत ताक भरून दिलं. मी चढायला लागले. सावर संपत आली होती, पळसाखाली वाळलेल्या फुलांचा काळपट सडा. नाळेत उतरले, आणि उंबर पुन्हा नजरेला यायच्या आधी मला तो ऐकू आला.

टुक टुक टुक टुक. दणदणीत. न थांबता. मी उभी राहिले. मोबाइल खिशात बंद आहे ना, तेसुद्धा बघितलं. तांबट होता. उंबराच्या वरच्या पानांत, अगदी फांदीच्या आत कुठंतरी.

त्याच्या बरोबर खाली मामा उभे होते. माझ्याकडं पाठ. डोळे मिटलेले असणार, कारण मान वर होती आणि तळवे कानांमागं होते. पाय फाकवलेले. डोक्यावर ते पाखरू ठोकत होतं आणि खाली मामा वाट बघत होते.

मी गेले. समोरून गेले, दचकू नयेत म्हणून. त्यांनी डोळे उघडल्यावर म्हटलं, "मामा, बोलतोय. आत्ता. डोक्यावर आहे तुमच्या." एकेक शब्द सुटा करून म्हटलं, ओठ दिसतील असं. वर बोट केलं. मामांनी बोटाच्या दिशेनं बघितलं. पानं. हिरव्या पानांत हिरवं पाखरू. मलाही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "देवाशप्पथ, मामा. गळ्याची शप्पथ." गळ्याला हात लावला. माझा आवाज फाटला, तो त्यांना ऐकू आला नसणार, पण डोळ्यांतलं पाणी दिसलं असणार.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला होता तसा, सगळा तळवा टेकवून.

"असू दे, माय," ते म्हणाले. "तुझा जीव हाय माझ्यावर, ते कळतंय मला."

मी आणखी काही म्हणणार होते. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, ताक प्यायलं, मिशा पुसल्या, बाटली परत दिली. "आळणी हाय. मामीला सांगू नको." मग म्हणाले, "जा तू. गाडी चुकंल तुझी." आणि चौथ्या थांब्याच्या वाटेला लागले. वही त्यांनी काढली नाही. वर तांबट चालूच होता. मी तो एकटीनं ऐकत उभी राहिले, आणि मग उतरायला लागले, कारण खरंच उशीर झाला होता. पाहुण्यांना वरणफळं करायची होती. हे आता लिहिताना मला ती वरणफळं आठवतात.

पळसांच्या बेटापाशी येऊन मी मागं वळून बघितलं. तिथून नाळेपलीकडचा उंबर दिसतो. मामा धावड्यांकडं गेले नव्हते. ते परत आले होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती, दुसरा हात खोडाभोवती टाकला होता, आणि कान खोडाला लावून ते उभे होते. गाल सालीवर दाबलेला. डोळे उघडे की मिटलेले ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

मी कान दिला. एक मिनिट दिला, दोन मिनिटं दिला. तांबट थांबला होता. उडून गेला असावा.

मी हाक मारली. "मामा, गेला तो. या आता खाली." हाक नाळेपलीकडं गेली, तिथल्या खडकावर आपटली आणि माझ्याकडं परत आली. मामांनी कान काढला नाही.

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. ती वळणाला आली होती, आणि मी पळत सुटले.